दम लागणाऱ्यांसाठी श्वसनाचे व्यायाम

मनुष्य दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि त्यांपैकी एकाचीही त्याला आठवण राहत नाही. श्वासाची जाणीव नसणे हेच निरोगी माणसाचे लक्षण होय. ज्याला अंघोळ करताना, जिना चढताना किंवा चार वाक्ये बोलताना श्वास मोजावा लागतो, त्याचे दुःख इतरांच्या सहसा लक्षात येत नाही. त्याच्या अंगावर जखम नसते, ताप नसतो. चेहराही पुष्कळदा धडधाकट माणसासारखाच असतो. तो काम टाळतो असा आरोप मात्र त्याच्यावर सहज होतो. भोपाळ शहरात असे दुःख भोगणारी माणसे हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांच्या दुखण्याला एक निश्चित तारीख आहे.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र संपून ३ डिसेंबर उजाडण्यापूर्वी, मध्यरात्रीच्या सुमारास, युनियन कार्बाइड कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले. टाकीत मिथिल आयसोसायनेट हे द्रव्य होते. पाण्याशी संयोग होताच ते तापले, उकळले आणि सुमारे चाळीस टन विषारी वाफ शहरावर पसरली. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या कारखान्यालगतच्या दाट वस्त्या आणि रेल्वे स्टेशनचा परिसर तिने प्रथम व्यापला. पाच लाखांहून अधिक लोकांना तिची बाधा झाली. मध्य प्रदेश शासनाने मृतांची संख्या ३,७८७ अशी प्रमाणित केली. खरी संख्या याहून कितीतरी मोठी आहे असे पीडितांच्या संघटना सातत्याने सांगत आल्या आहेत.

या वाफेचे दोन गुणधर्म ध्यानात घेतले म्हणजे पुढचा अनर्थ समजतो. एक म्हणजे ती हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते. त्यामुळे ती वर न चढता जमिनीलगत, झोपड्यांच्या दारांखिडक्यांच्या उंचीवरून पसरत गेली आणि लहान मुलांना तिचा मारा अधिक बसला. दुसरा गुणधर्म म्हणजे ओलाव्याशी असलेले तिचे वैर. डोळे, घसा आणि श्वासनलिका यांची अस्तरे नेहमी ओलसर असतात. तेथे पोहोचताच ही वाफ त्या अस्तरांना जाळते. लोक जीव घेऊन धावले, आणि धावणारा माणूस विश्रांतीत असलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. ओले फडके नाकातोंडावर धरून वाऱ्याच्या दिशेला आडवे निघून जावे, एवढी साधी सूचना वेळेवर मिळाली असती तरी अनेकांची फुप्फुसे वाचली असती. ती सूचना कोणी दिली नाही.

जे त्या रात्रीतून वाचले त्यांच्या छातीत काय उरले, याचा शोध लगेच सुरू झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी वायुपीडितांची तपासणी करून आपली पहिली निरीक्षणे १९८५ सालीच प्रसिद्ध केली आणि पुढे काही काळ त्या रुग्णांचा माग ठेवला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भोपाळात दीर्घकाळ पाहणी चालविली. दुर्घटनेला नऊ वर्षे उलटल्यावर, १९९४ च्या जानेवारीत, आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या डॉक्टरांनी कारखान्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर राहणाऱ्या ४५४ प्रौढांची तपासणी केली. घर कारखान्याच्या जितके जवळ, तितके खोकला व धाप यांचे प्रमाण अधिक आणि तितकीच फुप्फुसांची शक्ती कमी, असा त्या तपासणीचा निष्कर्ष निघाला. विकाराचे मुख्य स्थान होते सूक्ष्म श्वासनलिका.

हे सूक्ष्म श्वासनलिकांचे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व व्यायामांचे मर्म त्यात आहे. घशाखालची मोठी श्वासनलिका छातीत शिरल्यावर दुभंगते, तिच्या शाखा पुन्हा दुभंगतात, आणि असे सुमारे तेवीस वेळा घडते. उलट्या धरलेल्या वृक्षासारखी ही रचना असते. तिच्या शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षांच्या घोसाप्रमाणे वायुकोश लटकलेले असतात. त्यांची संख्या कोट्यवधी असते. वायुकोशांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि कर्बवायू बाहेर येतो. मोठ्या नलिकांना कूर्चेची कडी असतात, त्यामुळे त्या उघड्या राहतात. दोन मिलिमीटरहून अरुंद अशा नलिकांना तो आधार नसतो. भोवतालच्या लवचिक ऊती त्यांना चहूबाजूंनी ओढून धरतात म्हणूनच त्या उघड्या राहतात. विषारी वाफेने, वर्षानुवर्षांच्या विडीने अथवा चुलीच्या धुराने या नलिकांचे अस्तर सुजले, त्यांत व्रण पडले, किंवा भोवतालच्या ऊतींचा ताण गेला, की त्या अरुंद होतात.

अरुंद नळीतून हवा आत जाते, कारण श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्याही थोड्या ओढल्या जाऊन रुंदावतात. अडचण येते ती श्वास सोडताना. उच्छ्वासाच्या वेळी छाती आवळली जाते, दुबळ्या नळ्या मिटतात आणि आतील हवा आतच कोंडते. रुग्ण घाबरून पुढचा श्वास लवकर घेतो. आधीची हवा पुरती बाहेर गेलेली नसतेच, तिच्यात नव्या हवेची भर पडते. काही मिनिटांत छाती भरलेल्या पखालीसारखी फुगून राहते. आत हवा भरपूर आणि तरीही जीव हवेसाठी कासावीस, अशी ही विचित्र अवस्था आहे. म्हणूनच दम लागलेल्या माणसाला ‘मोठा श्वास घे’ असा सल्ला देणे चुकीचे ठरते. त्याला सांगावयाचे ते असे, की आधी आतला श्वास सोड.

फुगलेल्या छातीचा दुसरा परिणाम स्नायूंवर होतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचे एक मोठे स्नायुपटल असते. त्याला श्वासपटल म्हणतात. शांत श्वसनाचे बहुतेक काम तेच करते. छाती फुगली की हा घुमट सपाट होतो आणि त्याला खाली सरकायला जागा उरत नाही. मग मान, खांदे आणि छातीचा वरचा भाग यांचे स्नायू मदतीला धावतात. हे स्नायू अधूनमधून उपयोगी पडावेत यासाठी आहेत. दिवसभर राबण्यासाठी नाहीत. ते थकतात, आखडतात आणि स्वतःच पुष्कळ प्राणवायू खर्च करतात. जुन्या दम्याच्या रुग्णाचे खांदे वर ओढलेले आणि मान ताठ दिसते, ती याच कारणाने.

तिसरी गोष्ट मनाची. धाप लागली की भीती वाटते. भीती वाटली की श्वास उथळ व जलद होतो. श्वास जलद झाला की हवा अधिक कोंडते आणि धाप वाढते. हे दुष्टचक्र प्रत्येक जुन्या फुप्फुसविकारात आढळते. भोपाळच्या वायुपीडितांच्या बाबतीत ते अधिकच घट्ट आहे. गुदमरण्याची त्यांची पहिली आठवण एका रात्रीशी, गमावलेल्या आप्तांशी जोडलेली आहे. त्यांच्या देहाला धाप लागते तेव्हा मनात ती रात्र पुन्हा उभी राहते. त्यात अनेक जण हमाली, हातगाडी, गवंडीकाम अशा अंगमेहनतीवर पोट भरणारे. धाप लागणे याचा त्यांच्या घरातील अर्थ चूल न पेटणे असाही होतो. म्हणूनच भीतीवर ताबा मिळविणे ही येथे चैनीची बाब नाही.

आता उपाय कोणता? जळालेले अस्तर आणि त्याजागी आलेले व्रण पुन्हा पूर्ववत् होत नाहीत. हे सत्य रुग्णापासून लपविण्यात अर्थ नाही. श्वासनलिका रुंदावणारी औषधे, विशेषतः तोंडावाटे ओढून घ्यावयाची, पुष्कळांना आराम देतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवलीच पाहिजेत. परंतु औषध नलिकेवर काम करते. श्वास घेण्याची बिघडलेली सवय, आखडलेले खांदे आणि भ्यालेले मन यांवर ते काम करीत नाही. तेथे शिक्षणाची गरज असते. हे शिक्षण शिथिलीकरण, श्वास सोडण्याची रीत, शरीराची योग्य ठेवण, कफ काढण्याची युक्ती आणि चालणे अशा पाच अंगांचे आहे.

प्रथम शिथिलीकरण. शिकागोचे वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली आपली क्रमशः शिथिलीकरणाची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. तिचे सूत्र साधे आहे. स्नायू सैल सोड म्हटल्याने सैल सुटत नाही, कारण तो ताठ आहे हेच माणसाला ठाऊक नसते. म्हणून तो आधी मुद्दाम आवळावा, ताणाची जाणीव घ्यावी आणि मग सोडून द्यावा. रुग्णाने पाठीला आणि डोक्याला टेकू मिळेल असे बसावे. उताणे झोपल्याने दम लागत असेल तर झोपण्याचा आग्रह धरू नये. भिंतीला लोड लावून गादीवर टेकून बसले तरी चालते. उजव्या हाताची मूठ सुमारे पाच सेकंद आवळावी, मग सोडावी आणि त्या हाताचा जडपणा पंधरावीस सेकंद अनुभवावा. त्यानंतर डावा हात, मग दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडणे, मग कपाळ व जबडा, पोट, मांड्या आणि पाऊले असा क्रम ठेवावा. स्नायू आवळताना श्वास मात्र रोखू नये. सर्वांत अधिक वेळ खांद्यांना द्यावा, कारण दम्याच्या माणसाचा ताण तेथेच साठलेला असतो. दिवसातून दोनदा, दहा ते पंधरा मिनिटे, आणि तेही धाप नसताना हा अभ्यास करावा. विहिरीत पडल्यावर पोहणे शिकता येत नाही, तसेच धाप लागल्यावर शिथिल होणे शिकता येत नाही.

दुसरे अंग श्वास सोडण्याची रीत. रुग्णाने तोंड मिटून नाकाने सहज श्वास घ्यावा. मनात एक, दोन असे मोजावे. नंतर शीळ घालताना करतात तसे ओठ थोडे जुळवावे आणि एक, दोन, तीन, चार मोजत श्वास हळूहळू सोडावा. कढत चहाच्या बशीवर फुंकर घालताना चहा सांडू नये म्हणून जितकी हळुवार फुंकर घालतात, तितकीच ही असावी. फुंकणीने चूल पेटवावी तसा जोर करू नये. गाल फुगवू नयेत. आतली सगळी हवा पिळून काढण्याचा हट्ट धरू नये. ओठांशी होणाऱ्या या लहानशा अडवणुकीमुळे नलिकांच्या आत थोडा दाब टिकून राहतो, तो दुबळ्या नळ्यांना मिटू देत नाही आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. श्वासांची संख्या कमी होते, प्रत्येक श्वास अधिक कामाचा होतो. अनेक जुने रुग्ण ही युक्ती कोणीही न शिकविता स्वतःच शोधून काढतात. आर्थिक खर्च शून्य आणि कोठेही, बसच्या रांगेतही करता येण्यासारखा असा हा उपाय आहे.

हीच रीत कामाला जोडावी लागते. मराठीत ‘दम खाणे’ असा एक फार शहाणा शब्दप्रयोग आहे. जुन्या फुप्फुसविकाराच्या माणसाने तो अक्षरशः पाळावा. जिना चढताना श्वास सोडीत एक-दोन पायऱ्या चढाव्या, थांबून श्वास घ्यावा, पुन्हा सोडीत चढावे. ओझे उचलताना, खाली वाकताना, घागर डोक्यावर घेताना श्वास सुटत असावा, रोखलेला नसावा. पुढे वाकले की पोट श्वासपटलाला वर ढकलते आणि दम कोंडतो. म्हणून बादली स्टुलावर ठेवावी, अंघोळ व कपडे धुणे उंच पाटावर अथवा स्टुलावर बसून करावे, रोज लागणारी भांडी कमरेच्या उंचीवर ठेवावी. अशा बारीकसारीक सोयींनी वाचलेला श्वास मजुरीच्या कामाला उरतो.

पोटाने श्वास घेण्याचा व्यायामही सांगितला जातो. एक हात पोटावर व एक छातीवर ठेवून, श्वास घेताना पोटावरचा हात उचलला जावा आणि छातीवरचा स्थिर राहावा, असा तो अभ्यास आहे. सौम्य विकारात आणि भीतीने श्वास उथळ झालेल्या माणसाला त्याचा लाभ होतो. मात्र ज्याची छाती फार फुगलेली आणि श्वासपटल सपाट झालेले आहे, त्याला या प्रयत्नाने उलट अधिक श्रम होऊ शकतात. म्हणून हा व्यायाम शिक्षकाने रुग्ण पाहून ठरवावा; ज्याला त्याने दम वाढतो असे वाटेल त्याने तो निःशंकपणे सोडून द्यावा. शिवाय सर्वच फुप्फुसविकार एका जातीचे नसतात. काहींची फुप्फुसे व्रणांमुळे आक्रसून ताठ झालेली असतात. त्यांच्यात हवा कोंडत नाही, आत पुरेशी शिरतच नाही. भोपाळात दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळले. कोणाचा विकार कोणत्या जातीचा, हे नळीत फुंकण्याच्या साध्या यंत्राने मोजता येते आणि ती तपासणी व्यायामापूर्वी झालेली बरी.

तिसरे अंग शरीराची ठेवण. धाप लागली की माणूस सहसा आडवा होऊ पाहतो किंवा उलट ताठ उभा राहतो, दोन्ही अयोग्य. खुर्चीवर बसून, किंचित पुढे झुकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवावी. उभे असल्यास भिंतीला, कठड्याला किंवा हातगाडीच्या दांड्याला हात टेकून पुढे झुकावे. जमिनीवर बसणाऱ्याने मांडीवर दोन उशा घेऊन त्यांवर हात टेकावे. पुढे झुकल्याने श्वासपटलाचा घुमट थोडा परत येतो आणि टेकलेल्या हातांमुळे खांद्यांचे स्नायू छातीला उचलण्यास मोकळे होतात. या आसनात ओठांनी फुंकर घालीत दोनचार मिनिटे बसले की बहुतेक वेळा धाप ओसरू लागते. घरातील माणसांनी त्या वेळी भोवती गर्दी करू नये, प्रश्न विचारू नयेत, पाठीवर शांतपणे हात ठेवून मंद स्वरात ‘सोडा, सोडा’ एवढेच म्हणावे. घाबरलेला नातेवाईक धाप वाढवितो, शांत नातेवाईक ती उतरवितो.

चौथे अंग कफ काढण्याचे. जोरजोराने खोकल्याने दुबळ्या नळ्या मिटतात, छाती दुखते, कफ मात्र जागचा हलत नाही. त्याऐवजी मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा ‘हा’ असा लांब हुंकार टाकावा. दोनतीन हुंकारांनंतर काही काळ शांत श्वास घ्यावा आणि पुन्हा हुंकार टाकावे. कफ घशाशी आल्यावरच एकदा खोकावे. सकाळी उठल्यावर हा क्रम केला म्हणजे दिवस हलका जातो.

पाचवे अंग चालण्याचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की पायांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना त्याच कामाला अधिक प्राणवायू लागतो आणि दम आणखी लवकर लागतो. हे दुसरे दुष्टचक्र चालण्यानेच तुटते. रोज सपाट वाटेवर, धाप थोडी लागेल परंतु एखादे वाक्य बोलता येईल इतक्या गतीने चालावे. पाचसात मिनिटांपासून आरंभ करून आठवड्यागणिक वेळ वाढवीत न्यावा. सहा ते आठ आठवड्यांच्या अशा शिक्षणक्रमाला फुप्फुसरुग्णांचे पुनर्वसन म्हणतात. १९६० नंतरच्या दशकांत त्याची पद्धतशीर घडी बसली आणि त्याने दम कमी होतो, चालण्याचे अंतर वाढते व जीवन सुसह्य होते, हे जगभरच्या चाचण्यांनी निःसंशय सिद्ध केले आहे. नुसत्या श्वसनाच्या व्यायामांविषयीचा पुरावा इतका भक्कम नाही. त्यांनी चालण्याची शक्ती वाढलेली दिसली. दम कमी झाल्याचे मात्र काही चाचण्यांत दिसले आणि काहींत दिसले नाही. याचा अर्थ असा, की श्वसनाचे व्यायाम चालण्याच्या जोडीने करावयाचे असतात. चालणे टाळण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे या विषयाला प्राणायामाची जुनी परंपरा आहे. तिची प्रयोगशाळेत परीक्षा घेण्याचे काम महाराष्ट्रातच सुरू झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून आसने व प्राणायाम यांचे शास्त्रीय मोजमाप प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. प्राणायामाने शरीराला फार मोठ्या प्रमाणावर अधिक प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी उचलून धरली नाही. श्वासाची गती, स्नायू आणि मज्जासंस्था यांवर मिळणारा ताबा त्यांना अधिक मोलाचा वाटला. आधुनिक शिक्षणक्रमाचे मर्मही हेच आहे.

भोपाळात या दोन धारा एकत्र आल्या. १९९६ साली सतीनाथ षडंगी आणि त्यांचे सहकारी यांनी वायुपीडितांसाठी ‘संभावना’ नावाचे विनामूल्य चिकित्सालय सुरू केले. आधुनिक औषधे, आयुर्वेद आणि योग यांचा एकाच छपराखाली मेळ घालणे हे त्याचे वैशिष्ट्य. तात्पुरता आराम देणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे गिळून थकलेल्या रुग्णांना तेथे सोपी आसने, शिथिलीकरण आणि सौम्य प्राणायाम शिकविले गेले. जुन्या भोपाळातील वस्त्यांत हिंदू आणि मुसलमान शेजारी राहतात आणि वायूने त्यांच्यात भेद केला नव्हता. श्वासाचा व्यायामही कोणा एका धर्माचा नाही, हे तेथे शिकणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही.

तथापि योगाच्या नावाखाली सर्वच काही दम्याच्या रुग्णाने करू नये. भस्त्रिका, कपालभाती यांसारखे वेगाचे प्रकार आणि श्वास कोंडून धरण्याचे कुंभक ज्याची हवा आधीच छातीत कोंडते त्याला अपायकारक ठरू शकतात. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांना तर विशेषच. लांब उच्छ्वास, ॐकाराचा किंवा भ्रामरीचा मंद गुंजारव, बसून केलेले खांद्यांचे व छातीचे हलके ताण हे प्रकार सामान्यतः निर्धोक होत. जेवणानंतर दोन तास व्यायाम करू नये. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार खोल व जलद चालला आहे असे समजून थांबावे. ताप, कफातून रक्त, छातीत कळ, ओठ निळसर होणे, पायांवर सूज, किंवा विश्रांतीतही न ओसरणारी धाप, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम बंद ठेवून रुग्णालय गाठावे. दीर्घकाळचा खोकला क्षयाचाही असू शकतो; त्याची तपासणी टाळून प्राणायाम करीत बसणे म्हणजे स्वतःशी व शेजाऱ्यांशीही द्रोह होय.

आणखी एक गोष्ट. हे सर्व केवळ भोपाळपुरते नाही. ज्या घरांत अद्याप लाकूड, गोवऱ्या किंवा काटक्यांवर स्वयंपाक होतो, तेथील ज्या बायकांनी उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही, त्यांनाही नेमका हाच विकार जडतो. दगडफोड, कापूस पिंजणे, विटांच्या भट्ट्या या धंद्यांतही तो आहे. बिघडलेल्या फुप्फुसावर विडीचा धूर सोडणारा मनुष्य सर्व व्यायामांवर पाणी ओततो. म्हणून तंबाखूचा त्याग ही या अभ्यासाची पहिली पायरी आणि घरातून धूर हद्दपार करणे ही दुसरी.

व्यायाम शिकविणे सोपे असते, टिकविणे अवघड. औषधाची गोळी परिणाम दाखविण्यास तास घेते, श्वसनाचा अभ्यास आठवडे घेतो. या काळात रुग्णाला वाटते, एवढ्याने काय होणार? येथे शिक्षकाने खोटी आशा दाखवू नये. फुप्फुस नवे होईल असे सांगू नये; पूर्वी दोनदा थांबून गाठावी लागणारी नळाची रांग एकदाच थांबून गाठता येईल, रात्री धाप लागली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावयाचे हे ठाऊक असेल, एवढेच सांगावे. गरीब माणसाला एवढेही पुष्कळ असते. चार शेजाऱ्यांनी मिळून ठरावीक वेळी अभ्यास केला तर तो अधिक टिकतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

आणि समाजानेही एक भान ठेवले पाहिजे. व्यायामाची शिकवण म्हणजे पीडितांच्या न्यायाची भरपाई नव्हे. ‘श्वास नीट घ्या म्हणजे बरे वाटेल’ असे सांगून ज्यांनी विष सोडले त्यांची जबाबदारी हलकी होत नाही, आणि औषधे, तपासण्या व योग्य मोबदला पुरविण्याचे शासनाचे कर्तव्यही संपत नाही. भोपाळात २०१० साली पर्यावरणीय आरोग्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील आणि अन्य रुग्णालयांतील ज्ञान वस्तीतील शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचविणे हे काम मोठे आहे. त्या रात्री कोणती हवा आत घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार तेथील माणसांना नव्हता. आत कोंडलेला श्वास शांतपणे बाहेर कसा सोडावा, एवढे शिक्षण तरी त्यांना आणि त्यांच्यासारख्या सर्व रुग्णांना हक्काने मिळावयास हवे.